फायर ऑडिट : जबाबदारी नेमकी कुणाची?

भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला ९ जानेवारी २०२१ रोजी आग लागली, १० बाळं दगावली. तेव्हापासून ‘फायर ऑडिट’ हा शब्द गावोगाव पोचला. पण ते करायचं कुणी? २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा बसवणं आणि चालू ठेवणं हे मालकाचं किंवा भोगवटादाराचं काम. ती चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैत अग्निशमन विभागाला द्यायचं. अग्निशमन अधिकारी स्वतः येऊन तपासणी करू शकतो, नोटीस काढू शकतो. म्हणजे कागद खासगी एजन्सीचा, पण अधिकार सरकारी. नुसता कागद फाइलला लावला तर भिंतीवरचा सिलिंडर रिकामा आहे हे कळणार कसं? दवाखाना असो की मंगल कार्यालय, शेवटचा फॉर्म बी आणि अधिकाऱ्याचा तपासणी अहवाल, दोन्ही माहिती अधिकारात मागा.