नॅनोतंत्रज्ञानाचा जनक कोण? #थ्रेड

नॅनोतंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा २९ डिसेंबर १९५९ पासून सांगितला जातो. त्या दिवशी कॅलटेकमध्ये रिचर्ड फाइनमन यांनी एका व्याख्यानात विचारले : अणू एकेक करून हवे तसे रचता आले तर?

त्यांनी १००० डॉलरची दोन पारितोषिकेही जाहीर केली. एक, १/६४ इंचाच्या घनात मावणाऱ्या विद्युत मोटरीसाठी. दुसरे, पुस्तकाचे पान २५,००० पट लहान करण्यासाठी.

मोटरीकरिता नवे तंत्र शोधावे लागेल, ही त्यांची अपेक्षा. परंतु नोव्हेंबर १९६० मध्येच विल्यम मॅक्लेलन हे अभियंते भलीमोठी पेटी घेऊन दारात उभे राहिले. पेटीतून निघाला सूक्ष्मदर्शक, आणि त्याखाली १३ भागांची, २५० मायक्रोग्रॅम वजनाची फिरती मोटर! घडवली कशी? घड्याळजीचे लेथ, दातकोरणी आणि अपार चिकाटी. पारितोषिक गेले, नवे विज्ञान मात्र जन्मले नाही. (दुसरे पारितोषिक थेट १९८५ मध्ये स्टॅनफर्डच्या टॉम न्यूमन यांना मिळाले.)

आता खरा प्रश्न. हे व्याख्यान १९६० मध्ये छापले गेले. पुढील दोन दशके त्याचा उल्लेख क्वचितच आढळतो, हे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस टूमी यांनी दाखवून दिले आहे. 'नॅनोटेक्नॉलॉजी' हा शब्द १९७४ मध्ये नोरिओ तानिगुची यांनी योजला, तो अतिसूक्ष्म यंत्रकामाच्या संदर्भात. अणू 'पाहू' शकणारा सूक्ष्मदर्शक १९८१ मध्ये झुरिकला बिनिंग आणि रोहरर यांनी घडवला. यांपैकी कोणाचीही वाट त्या व्याख्यानातून निघालेली नव्हती.

मग ही कथा रूढ कशी झाली? १९८६ मध्ये एरिक ड्रेक्सलर यांच्या ग्रंथाने विषय लोकांपर्यंत नेला. जानेवारी २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी कॅलटेकमध्येच राष्ट्रीय नॅनो-उपक्रमाची घोषणा करताना फाइनमन यांचे स्मरण केले. राज्य स्थिरावले की वंशावळ लिहून घेतली जाते. बखरी वाचणाऱ्यांना हे नवे नाही. अशी वंशावळ पूर्वजाविषयी थोडे आणि लिहवून घेणाऱ्याविषयी पुष्कळ सांगते.

गंमत अशी, की 'गिळता येणारा शल्यविशारद' ही त्या व्याख्यानातील सर्वांत गाजलेली कल्पना आपली नसून मित्र अल्बर्ट हिब्ज यांची आहे, हे फाइनमन यांनी तेथेच सांगितले होते. तो शल्यविशारद अद्याप आलेला नाही. रेणूंच्या यंत्रांना २०१६ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. कोविडच्या एमआरएनए लसींतून कोट्यवधींच्या शरीरांत पोहोचले ते मात्र मेदाचे नॅनोकण, ज्यांत ना चाक आहे, ना मोटर.