पेइपिंग (आजचं बीजिंग), ऑगस्ट १९४८

थ्येनचिनहून निघालेली गाडी छ्येनमनच्या वेशीला खेटून असलेल्या स्टेशनात थांबते. तुम्ही ट्रंक घेऊन बाहेर येता. रिक्षावाला भाडं सांगतो आणि तुम्हाला अक्षर कळत नाही.

चिनी तुम्ही शिकून आला आहात, पण पुण्याचं. फर्ग्युसनमध्ये पु. वि. बापट आणि वा. वि. गोखले यांच्यासारखे पंडित संस्कृतातून नाहीसे झालेले बौद्ध ग्रंथ चिनी भाषांतरांतून धुंडाळत असतात. तुमचं चिनी त्याच वाटेनं आलेलं, तेराशे वर्षांपूर्वीच्या ह्युएनत्संगाचं. त्यात शून्यतेवर चर्चा करता येते. विद्यापीठाच्या शातान भागापर्यंत किती घेणार, एवढं मात्र विचारता येत नाही.

शेवटी तो बोटांवर आकडा दाखवतो आणि तुम्ही रिक्षात बसता. राखी तट मागे पडतो, ट्रामची घंटा वाजते, राजवाड्याचा कोपरा डावीकडे येतो. मग लाल विटांची इमारत. ती १९१८ साली उभी राहिली आणि सगळं शहर तिला ‘लाल इमारत’च म्हणतं. पेकिंग विद्यापीठ हेच. कुलगुरू हू श. पौर्वात्य भाषा विभागाचे प्रमुख ची श्येनलिन, गटिंगनला संस्कृत शिकून आलेले. संस्कृतवर बोलायला माणूस मिळाला म्हणून तुम्ही सुस्कारा सोडता, पण खानावळीतल्या वाढप्याशी बोलायचं बाकीच आहे.

त्यासाठी शिकवणी लावावी लागते. मास्तर म्हातारे, मांचू घराण्यातले. बादशाही गेली तेव्हा घराण्याचा तनखाही गेला, उरली ती पेइपिंगची अस्सल बोली. परदेशी विद्यार्थ्यांना ती शिकवून त्यांचं घर चालतं. तुम्ही त्यांना ‘श्येनशंग’ म्हणता आणि ते येताना-जाताना उठून उभे राहता. ते कुंचला कसा धरायचा ते शिकवतात. अक्षरं सगळी जुनी, रेघांनी गच्च भरलेली. सोपी केलेली अक्षरं यायला अजून आठ वर्षं आहेत, रोमन लिपीतलं फिनयिन यायला दहा. उच्चारासाठी अक्षराच्या बाजूला ‘चूयिन’च्या बारक्या खुणा, बस्स. एकच शब्द ते चार सुरांत म्हणतात. तुम्ही म्हणता तेव्हा चारही सूर एकच होतात. मास्तर हसत नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं.

खरी शाळा बाजारात भरते. आपण हजारानंतर लाखावर उडी मारतो, चिनी माणूस दहा हजारांवर थांबतो आणि त्याला ‘वान’ म्हणतो. तीस लाख म्हणजे तीनशे वान. पुण्यात हा पाठ दोन दिवस लांबवला असता तरी चाललं असतं. इथे एका वाडगाभर शेवयांची किंमत वानांत आहे आणि दुपारपर्यंत ती बदलते. नोटांची गड्डी मोजता मोजता तुम्ही आकडे पाठ करता. इतक्या चटकन शिकवणारं पाठ्यपुस्तक मी पाहिलेलं नाही.

१९ ऑगस्टला सरकार नवं चलन काढतं: ‘सुवर्ण युआन’. जुने तीस लाख द्या, नवा एक घ्या. सोबत हुकूम येतो की घरातलं सोनं, चांदी, परकी चलन ३० सप्टेंबरपर्यंत बँकेत भरा. सामान्य माणसं रांगा लावून भरतात. हे सरकारी चोरीचं उत्तम उदाहरण होतं, असं माझं मत. ऑक्टोबरात दुकानं रिकामी होतात, नोव्हेंबरात किमतींवरचं नियंत्रण उठतं आणि नव्या नोटाही जुन्यांच्या वाटेनं जातात. मास्तर फी राळ्याच्या मापात मागतात. घरात दडवलेला, जुने राष्ट्राध्यक्ष युआन शखाय यांचं डोकं छापलेला चांदीचा रुपया ते कडेवर फुंकून कानाशी नेतात, खणखणला तर खरा. तुम्हीही ते शिकता.

थंडी पडते तशा पश्चिमेच्या टेकड्यांकडून कोळसा लादलेल्या उंटांच्या रांगा वेशीतून येऊ लागतात. मग डिसेंबरच्या मध्यात वेशी बंद होतात. यादवीत सरकारशी लढणाऱ्या कम्युनिस्ट फौजा तटाबाहेर आहेत. हू श १५ तारखेला विमानानं निघून जातात आणि दोनच दिवसांनी विद्यापीठाला पन्नास वर्षं पुरी होतात. शहरातल्या तुंगतानच्या मैदानात विमानं उतरवायला धावपट्टी होते. वीज जाते. रात्री तेलाच्या दिव्याखाली तुम्ही अक्षरं गिरवता, लांबून तोफा ऐकू येतात. खानावळीत मक्याचे घट्ट मुटके. वाढप्याशी आता तुम्ही तासभर बोलता, लढाई कुठवर आली, पीठ कुठे मिळेल, यावर. सूर चुकले तरी त्याला कळतं, कारण विषय दोघांचा एकच आहे.

३१ जानेवारी १९४९. सरकारी सेनापती फू त्सोयी यांनी वाटाघाटी करून शहर सोपवलं आहे, त्यामुळे लाल सैन्य न लढता आत येतं. तुम्ही गर्दीत उभे राहून बघता. कोणी तरी विचारतं, कुठले? तुम्ही ‘इंतू’ म्हणता आणि पुढची चार वाक्यंही बोलून जाता.

तुमच्या आधी वर्षभर, १९४७ साली, भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर याच विद्यापीठात आलेल्यांत एक मराठी तरुण होता, वसंत वासुदेव परांजपे. ऑक्टोबर १९५४ मध्ये नेहरू आणि माओ समोरासमोर बसले, तेव्हा भारताच्या बाजूनं दुभाषाचं काम त्यांनीच केलं.