हकीम, वैद्य आणि असरोलची मुळी

काही वर्षांपूर्वी माझे अब्बा फजरच्या नमाजला उठताना चक्कर येऊन पडले. दवाखान्यात नेले तेव्हा रक्तदाब फारच उतरला होता. डॉक्टरांची गोळी तर ते वेळेवर घेत होते. सलाईन लावता लावता सिस्टरने सहज विचारले, "चाचा, या गोळीशिवाय आणखी काही घेता का?" अब्बांनी संकोचत सांगितले, हकीमसाहेबांची पुडी घेतो. हकीमसाहेबांना फोन केला. पुडीत असरोल होती. आयुर्वेदात तिलाच सर्पगंधा म्हणतात, आणि तीही रक्तदाब उतरवते.

डॉक्टर हुशार होते, हकीमसाहेबही जुने जाणकार. पण एकाने दुसऱ्याच्या औषधाची चौकशी केली नव्हती आणि अब्बांनी आपणहून कुणाला सांगितले नव्हते. विचारले ते फक्त सिस्टरने.

डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते अशा वेगवेगळ्या व्यवसायांत जाणाऱ्या मुलांना शिकत असतानाच एकत्र बसवा, म्हणजे पुढे ती एकत्र काम करतील, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९८८ च्या एका अहवालात मांडले. २०१० मध्ये त्यासाठी आराखडाही दिला. एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकणे, असे त्याचे सार आहे. आपल्याला हे बाहेरून आलेले नवे खूळ वाटते. पण या वाटेवरचे एक मोठे पाऊल शंभर वर्षांपूर्वी दिल्लीत पडले होते, आणि ते टाकणारा माणूस हकीम होता.

हकीम अजमल खान दिल्लीच्या नामांकित शरीफी घराण्यातले. त्यांचे थोरले भाऊ हकीम अब्दुल मजीद खान यांनी दिल्लीत मदरसा तिब्बिया काढला होता. घराण्याचे नुस्खे घरातच ठेवण्याच्या काळात शाळा काढून विद्या बाहेर देणे, ही पहिली पायरी होती. अजमल खान पुढे गेले. १९०९ मध्ये त्यांनी सुईणींना शिकवण्यासाठी स्त्रियांची शाळा सुरू केली. बाळंतपण दाईच्या हाती असे, पण हकीम-वैद्यांच्या पंगतीत तिला पाट नव्हता. तिच्याही कामाला शिक्षण लागते, हे त्यांनी ओळखले.

पुढचा धक्का आपल्या मुंबईतून बसला. मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा येऊ घातला होता. १९१२ मध्ये तो झालाही. त्या नोंदणीत वैद्य-हकिमांना जागा नव्हती. या संकटापुढे १९१० मध्ये अजमल खानांनी वैद्य आणि हकीम यांची एकत्र परिषद उभी केली. खरे सांगायचे तर त्यांना जवळ आणले ते आधी भीतीने, प्रेमाने नव्हे. पण भीती ओसरल्यावरही अजमल खानांनी ते नाते सोडले नाही. १९१६ मध्ये दिल्लीत आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेजची पायाभरणी झाली. एकाच आवारात दोन्ही शाखा, आणि जोडीला शरीरशास्त्र व शस्त्रक्रियेसारखे पाश्चात्त्य विषय.

१३ फेब्रुवारी १९२१ रोजी गांधीजींनी कॉलेजचे उद्घाटन केले. त्या भाषणात त्यांनी नुसती वाहवा केली नाही. आधुनिक शास्त्रज्ञांच्या संशोधनवृत्तीचे कौतुक करून, आपल्या वैद्य-हकिमांत ती फारशी दिसत नाही, असे त्यांनी स्पष्ट सुनावले. बोल कडू होता, पण खरा होता.

त्याचे उत्तर त्याच आवारातून आले. जर्मनीत रसायनशास्त्र शिकून परतलेले सलीमुज्जमां सिद्दीकी यांनी तिब्बिया कॉलेजात संशोधनाची प्रयोगशाळा उभी केली. १९२७ च्या डिसेंबरात अजमल खान वारले होते. सिद्दीकींनी हाती घेतली तीच असरोलची मुळी. १९३१ मध्ये त्यांनी तिच्यातून एक द्रव्य वेगळे केले आणि हकीमसाहेबांच्या नावावरून त्याला 'अजमलीन' म्हटले. हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होतो. पुढे १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेने उच्च रक्तदाब उतरतो हे आपल्या रुग्णांवरील अनुभवातून ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये दाखवले, आणि जगभरचे डॉक्टर या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन मिळाले. वैद्य, हकीम, रसायनतज्ज्ञ, डॉक्टर अशा चौघांच्या हातांतून ही मुळी गेली, तेव्हा कुठे तिचा गुण जगाला कळला.

आपल्याकडे अजमल खानांचे नाव अभिमानाने घेतले जाते. घ्यावेच. पण अभिमान बहुतेकदा 'आमचे हकीम' एवढ्यावर थांबतो. त्यांनी वैद्याला शेजारी बसवले, दाईसाठी शाळा काढली आणि युरोपातले रसायनशास्त्र शिकलेल्या तरुणाच्या पाठीशी ते उभे राहिले, हा भाग आपण गाळतो. शिवाय त्यांच्या प्रयोगाची मर्यादाही पाहिली पाहिजे. एका छपराखाली आल्या तरी दोन्ही शाखा आपापल्या राहिल्या. आवार एक असणे आणि शिक्षण एक असणे यांत फरक आहे.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. हकीम हा शब्द हिकमतशी नाते सांगतो, म्हणजे शहाणपण. वैद्य हा 'विद्' या धातूवरून, म्हणजे जाणणे. भाषा वेगळ्या, पण दोघांकडून अपेक्षा तीच. माझ्या तीन विद्यार्थिनी दहावीपर्यंत एका बाकावर बसत. आज एक युनानी डॉक्टर होते आहे, दुसरी नर्सिंगला आहे, तिसरी फार्मसीला. ईदला तिघी घरी आल्या तेव्हा विचारले, "कॉलेजात कधी एकमेकींच्या शाखेच्या मुलांसोबत एखादा रुग्ण पाहिला का?" तिघींनीही नाही म्हटले.

मग त्यांना अब्बांच्या पुडीची गोष्ट सांगितली. नर्सिंगवाली हसली. युनानीवाली मात्र गप्प झाली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "मॅडम, रुग्ण आणखी कुठली औषधं घेतो, हे मी यापुढे आधी विचारीन." फार्मसीवाली म्हणाली, "आणि नाव कळलं नाही, तर मला फोन कर."