पपईच्या चिकाची कुळकथा

चरून वाढलेल्या जनावराचं मांस वातड लागतं, अशी तक्रार खारघरच्या सोसायट्यांमध्ये नेहमी ऐकू येते. परदेशी पाककृती बघून घरी स्टेक करायला घेतलेल्यांची तर हमखास. महाराष्ट्रात १९७६च्या कायद्याने गायीची आणि २०१५च्या सुधारणेने बैल-वळूंचीही कत्तल बंद झाली, त्यामुळे इथला स्टेक म्हशीच्या मांसाचा होतो, नाहीतर बकऱ्याच्या मांडीचा. डोंगरउतारावर दिवसभर हिंडून पाला ओरबाडणाऱ्या बोकडाच्या मांडीत चरबी कमी, स्नायू राबलेला आणि त्याला बांधून ठेवणारे तंतू चिवट. चव मात्र याच राबण्यातून येते. त्यामुळे तक्रार करण्यापेक्षा इलाज शिकावा, आणि इलाज परसात उभा आहे: कच्ची पपई.

हे झाड इथलं नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लासा'त, म्हणजे ११२९च्या सुमारास, मांसाचे कितीतरी प्रकार येतात. सळईवर भाजलेले आहेत, दह्यात सोडलेले आहेत. पपई कुठेच नाही, कारण ती तेव्हा समुद्रापलीकडे मध्य अमेरिकेत होती. ती आपल्याकडे कशी आली, हे यान हाउखेन व्हान लिन्स्खोटेन या डच माणसाने लिहून ठेवलं. १५८३ ते १५८८ तो गोव्यात आर्चबिशपांचा चिटणीस होता. हे फळ स्पॅनिश मुलखातून फिलिपिन्सच्या वाटेने मलाक्क्याला आणि तिथून हिंदुस्थानात आलं, असं त्याने १५९६ साली छापलेल्या ग्रंथात नोंदवलं. म्हणजे पश्चिमेचं फळ आपल्याला पूर्वेच्या दारातून मिळालं! पुढे कोकणाच्या दमट हवेत ते असं रुजलं की आज त्याला परकं म्हणायला जीभ वळत नाही.

कच्च्या पपईला चीर दिली की पांढरा चीक ओघळतो. त्याने मांस मऊ होतं, हे कॅरिबियन बेटांवर फार पूर्वीपासून माहीत होतं. पॅट्रिक ब्राउनने १७५६च्या जमैकावरच्या ग्रंथात तशी नोंद केली. यामागचं कारण शोधायला शंभराहून जास्त वर्षं लागली. १८७९ साली पॅरिसमध्ये व्युर्त्झ आणि बुशू यांनी चिकातला प्रथिनं तोडणारा घटक वेगळा काढला आणि त्याला पपेन नाव दिलं. आपल्या आजीपणज्यांचं मात्र या नावावाचून काही अडलं नव्हतं.

आता थोडं हाताचं. अर्धा किलो बिनहाडाच्या मांडीला सालासकट किसलेली कच्ची पपई एक मोठा चमचा पुरते. साल काढू नये, चीक तिच्यालगतच असतो. पिकलेली पपई इथे कामाची नाही, कारण फळ पिकतं तसा चीक आटतो. अर्धा-पाऊण तास ठेवून कीस पुसून टाकावा. रात्रभर ठेवलं तर वरचा थर पिठूळ होतो आणि आतला गाभा चिवट तो चिवटच राहतो, कारण पपेन फार खोल शिरत नाही. म्हणून जाड तुकड्यावर पपईचा भरवसा धरू नये, बोटाच्या जाडीचेच काप घ्यावेत. दुसरी गोष्ट आचेची. साठ-सत्तर अंश सेल्सियसला पपेन सगळ्यात जोमाने काम करतं आणि कडक आचेवर निकामी होतं. मंद आचेवर रेंगाळलेलं मांस त्यामुळेच लगदा होतं. लोखंडी तवा चांगला तापवावा, चमचाभर तूप सोडावं (अंगची चरबी कमी असते ना), काप दोन्ही बाजूंनी पटापट भाजावेत आणि पाच मिनिटं झाकून ठेवून मगच तंतूंना आडवी सुरी लावावी.