शनवार तेलींची चूल

रायगडच्या गावांत घाण्यावर तेल काढणारे बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवत. म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. कित्येक पिढ्या त्यांच्या हाती तोरा हा धर्मग्रंथ नव्हता, तरी शनिवार पाळला गेला. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, म्हणून रांधायचे शुक्रवारीच. मटणात दूध-दही वर्ज्य, म्हणून नारळाचा रस.

१७९६ साली मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर, सिनेगॉग, उभे राहिले. सिनेगॉगमध्ये दर शनिवारी तोराचा एकेक भाग वाचतात. एका भागात अब्राहाम आणि सारा घरदार सोडून प्रवासाला निघतात. पुढच्या भागात दारी आलेल्या तीन पाहुण्यांसाठी सारा पीठ मळून भाकरी करते.

१९४८ साली इस्रायल देश झाल्यावर यांतली बरीच कुटुंबेही परदेशी निघाली. पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळांचा मलिदा त्यांच्याबरोबर गेला. आजही शुभकार्यात तो होतो.

ग्रंथ नव्हता तेव्हा धर्म चुलीपाशी टिकला, पण त्या बायकांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. म्हणून आम्ही गटात ठरवले आहे: आजी-सासूबाईंचे पदार्थ वहीत लिहायचे, त्यांच्या नावासकट.