इंग्रजी वाचन, लेखन व युक्तिवाद (माध्यमिक शाळा, वसई-विरार)
माध्यमिक शाळेतील इंग्रजी विषयाची तीन परस्परपूरक अंगे. पालघर जिल्ह्यातील (स्थापना 1 ऑगस्ट 2014) वसई-विरार परिसरातील राज्य मंडळाच्या शाळा मुंबई विभागीय मंडळाच्या कक्षेत येतात. दहावीला इंग्रजी माध्यमात ‘इंग्लिश कुमारभारती’ व मराठी माध्यमात ‘माय इंग्लिश कोर्सबुक’ ही बालभारतीची पाठ्यपुस्तके असतात. मूल्यमापन 80 गुणांची लेखी परीक्षा व 20 गुणांचे अंतर्गत मूल्यमापन असे होते.

वाचन : पाठ्यपुस्तकातील व अपठित उताऱ्यांवर आकलन, शब्दसंग्रह, व्याकरण व स्वमत यांचे प्रश्न असतात, कवितेचे रसग्रहणही करावे लागते.

लेखन : पत्र, संवाद, भाषण, बातमी, कथा आणि माहितीचे रूपांतर हे प्रमुख प्रकार आहेत.

युक्तिवाद : स्वमताचे उत्तर, भाषण व वर्गातील वादविवाद यांतून त्याचा सराव होतो. दावा, कारण, पुरावा आणि विरुद्ध मताचा परामर्श हा त्याचा क्रम. पाणथळ जागांचे रक्षण, पिण्याचे पाणी, लोकलमधील गर्दी असे परिसरातील विषय घेतल्यास पुरावे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या पाहण्यातून मिळतात.

येथील अनेक घरांत सामवेदी (कादोडी), वाडवळी, कोळी, गुजराती वा हिंदी बोलली जाते. अशा मुलांना आधी घरच्या भाषेत मुद्दे मांडू देऊन मग ते इंग्रजीत लिहायला लावणे हितकारक ठरते. पाठ केलेल्या निबंधाने गुण मिळतील. विचार मांडण्याचे सामर्थ्य मात्र स्वतः रचलेल्या युक्तिवादानेच येते.