येरळेचें पाणी आणि श्रमाचा वाटा

दुष्काळाचा इतिहास लिहितांना पावसाचे इंच मोजले जातात, दगावलेलीं जनावरें मोजलीं जातात. परंतु दुष्काळांत माणसांनीं उपसलेल्या श्रमांचें पुढें काय झालें, याची चौकशी सहसा होत नाहीं. साताऱ्याच्या पूर्वेकडील कोरड्या मुलुखाचा दीडशे वर्षांचा इतिहास मात्र बव्हंशीं अशा श्रमांचाच आहे. खानापूर, तासगांव व वाळवें हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यांतच मोडत. पुढें ‘दक्षिण सातारा’ वेगळा झाला आणि १९६० मध्यें त्यास सांगली हें नांव मिळालें. जिल्हे दोन झाले, तरी दोहोंतून वाहणारी येरळा एकच राहिली. खटावाकडे उगम पावून ब्रह्मनाळापाशीं कृष्णेस मिळणारी ही नदी आमच्या विषयाची मुख्य साक्षीदार आहे.

१८७६-७७ च्या दुष्काळांत मुंबई इलाख्यांत सरकारी कामांवर मजुरांची रीघ लागली. येरळेवरील नेरचा तलाव त्याच सुमाराचा. १८७७ च्या आरंभीं सर रिचर्ड टेंपल यांनीं पुरुष मजुराची मजुरी दिवसास १ पौंड धान्य व १ आणा इतकी खालीं आणली. तेव्हां हजारों मजूर काम टाकून निघून गेले, आणि पुणें सार्वजनिक सभेनें त्यांचें गाऱ्हाणें सरकारापुढें मांडलें. वाद झाला तो पोटाच्या मापाचा. तलावांत पाणी सांठल्यावर तें कोणाच्या शेतांत जाणार, हा प्रश्न उपाशी मजुरास सुचणें शक्य नव्हतें, आणि सरकारास सुचण्याचें कारण नव्हतें.

दुष्काळ सरल्यावर कामाचा वेगळा विचार मांडला तो जोतीराव फुले यांनीं. त्यांचें मूळ घराणें याच खटाव तालुक्यांतील कटगुणचें. १८८३ मध्यें लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत, रिकाम्या बसलेल्या लष्करी शिपायांकडून व जास्तीच्या पोलिसांकडून जागोजाग लहान तालीवजा बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचें पाणी शेतांत मुरत मुरत मग नदीनाल्यांस मिळेल, अशी सूचना त्यांनीं केली. पाणी अडवून जमिनींत मुरविण्याची ही कल्पना आज सर्वमान्य झाली आहे. त्या वेळीं ती सरकारानें करावी अशी अपेक्षा होती. लोकांनीं ती आपण होऊन करावी, ही वेळ येण्यास आणखी शंभर वर्षें जावीं लागलीं.

मध्यंतरीं १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यांत महाराष्ट्रांत सुमारें ५० लाख माणसें दुष्काळी कामांवर होतीं. त्यांतून १९७७ चा रोजगार हमीचा कायदा निर्माण झाला व तो १९७९ पासून अमलांत आला. मजुरास काम मागण्याचा हक्क मिळाला, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु हातांत पुष्कळदां खडी फोडण्याचा हातोडाच आला. १९८० नंतरच्या दशकांत खानापूर तालुक्यांतील मजूर ‘मुक्ति संघर्ष’ चळवळीच्या झेंड्याखालीं जमले. डॉ. भारत पाटणकर हे या चळवळीचे प्रमुख. दुष्काळ पुढें ढकलणारें काम नको, दुष्काळ हटविणारें काम द्या, अशी त्यांची मागणी होती.

याच काळांत येरळेच्या पात्रांतील वाळू ठेकेदार शहरांकडे नेत होते. नदीची वाळू म्हणजे पाणी धरून ठेवणारें कोठार. ती गेली कीं पात्र कोरडें पडतें आणि कांठच्या विहिरींचा तळ उघडा पडतो. तेव्हां बलवडी व तांदुळवाडी या गांवांतील लोकांनीं ठरविलें, कीं वाळूवर पहिला हक्क गांवाचा. तिची बेताची विक्री करून त्या पैशांतून आपलें धरण आपणच बांधावें. आराखड्यास के. आर. दाते या स्थापत्यविशारदांचें साहाय्य झालें. विद्यार्थी श्रमास आले. सरकारी परवानगीसाठीं मात्र गांवकऱ्यांस दीर्घ काळ झगडावें लागलें. धरणास नांव दिलें बळीराजाचें. फुल्यांनीं ज्यास शेतकऱ्यांचा राजा मानलें, त्याच बळीचें.

पण या धरणाची थोरवी त्याच्या भिंतींत नाहीं, वांटणींत आहे. एरव्हीं पाणी जमिनीच्या मागें जातें: ज्याची जमीन अधिक, त्याचें पाणी अधिक. येथें जमिनीचा आकार न पाहतां प्रत्येक घरास सारखा वाटा द्यावयाचा, भूमिहीनासही द्यावयाचा, आणि पाणी पिऊन टाकणाऱ्या उंसास थारा द्यावयाचा नाहीं, असें ठरलें. ज्यास जमीन नाहीं तो पाणी घेऊन काय करणार, अशी शंका सुशिक्षित वाचक घेतील. उत्तर सोपें आहे. पाणी हें त्याचें भांडवल. तें घेऊन तो दुसऱ्याची जमीन वाट्यानें करूं शकतो, आणि मालकाच्या दारांत मजूर म्हणून न जातां भागीदार म्हणून जातो.

यापुढील अध्याय आपणां सर्वांच्या स्मरणांतला आहे. २०१६ मध्यें पानी फाउंडेशनची पहिली जलसंधारणस्पर्धा वरूड, अंबाजोगाई व कोरेगांव या तीन तालुक्यांत झाली, आणि कोरेगांव तालुक्यांतील वेळू गांवानें ५० लाखांचें पहिलें बक्षीस मिळविलें. भर उन्हाळ्यांत गांवकऱ्यांनीं माळावर समतल चर खोदले, ओढ्यांवर बांध घातले. पुढील वर्षांत शहरांतील सुशिक्षित कुटुंबेंही टिकाव-पाटी घेऊन गांवोगांव जाऊं लागलीं. हें दृश्य पाहून ज्यास आनंद होणार नाहीं असा मनुष्य विरळा.

तथापि इतिहासाच्या अभ्यासकानें आनंदाबरोबर एक गोष्ट सांगितली पाहिजे. चरांत मुरलेलें पाणी कोणाच्या नांवावर मुरत नाहीं. तें भूगर्भांत जातें, आणि ज्याची कूपनलिका खोल तो तें अधिक उपसतो. चर खोदतांना सारें गांव, आणि पाणी उपसतांना चार घरें, असें झाल्यास श्रमदान आणि जुनी वेठबिगार यांत फरक तो काय उरला? वेठ जुलमानें घेतली जाई, दान खुषीनें दिलें जातें, इतकाच. नगर जिल्ह्यांतील हिवरेबाजारानें शेतीसाठीं कूपनलिका खोदण्यास गांवापुरती बंदी घातली, ती हा धोका ओळखूनच.

म्हणून पुढच्या उन्हाळ्यांत आमच्या वाचकांपैकीं कोणी माणदेशांत वा खटावांत श्रमदानास गेले, तर त्यांनीं हातांत टिकाव अवश्य घ्यावा; पण दुपारच्या भाकरीच्या वेळीं गांवकऱ्यांस एवढें विचारावें, कीं या पाण्याची वांटणी कशी ठरली आहे? ठरली नसेल, तर ती ठरविण्यास बसणें हेंही श्रमदानच होय, आणि तें चर खोदण्याहून कठीण आहे. बलवडीच्या लोकांनीं तें आधीं केलें, आणि मग भिंत उभारली.